डांबरगोळ्यांचा वास

अमरावतीच्या राजापेठेत आमचा फ्लॅट दुसऱ्या मजल्यावर होता आणि पहिल्या मजल्यावर शिकवणीचे वर्ग भरत. शाळेतून आल्यावर मी कुलूप उघडायचे, दप्तर टाकायचे आणि खालून ऐकू येणारी बीजगणिताची सूत्रं ऐकत जेवायचे. आई किती वाजता येईल हे तिलाही सांगता येत नसे. ती बालरोगतज्ज्ञ होती. तिच्या बरोबरीच्या बहुतेकांनी स्वतःचे दवाखाने काढले. तिनं काढला नाही. ज्या रुग्णालयात नोकरी सुरू केली तिथेच, नवजात बाळांच्या वॉर्डात, ती निवृत्तीपर्यंत राहिली. माझे वडील मी बालवाडीत असताना वारले. त्यानंतर त्या घरात आम्ही दोघी होतो, पण एका वेळी बहुधा एकच.

घरी आल्यावर ती आधी कोपरापर्यंत हात धुवायची. मग मला ट्यूबलाइटखाली उभी करून कपाळावर अंगठा दाबायची आणि उचलायची. दाबलेल्या जागी कातडी क्षणभर फिकी पडते. कावीळ असेल तर तिथे पिवळेपणा दिसतो. दिवसभर ती वॉर्डात बाळांना हेच करत असे आणि हाताला सवय लागलेली असे. मला तो लाड वाटायचा. शेजारच्या मुलीच्या आईनं तिच्या कपाळाचा मुका घेतलेला पहिल्यांदा पाहिला, तेव्हा मला वाटलं, यांच्याकडे वेगळी पद्धत आहे.

आईचं संशोधन एका वासापासून सुरू झालं. हिवाळ्यातल्या एका सकाळी नांदगाव खंडेश्वर तालुक्यातल्या कुठल्याशा खेड्यातून एक बाळ वॉर्डात आलं होतं, हळदीसारखं पिवळं. तिनं दुपटं सोडलं. "मला आधी वास आला, मग बाळ दिसलं," असं तिनं रात्री जेवताना मला सांगितलं. वॉर्डातल्या फार थोड्या गोष्टी ती मला सांगत असे, म्हणून ही लक्षात राहिली. वास डांबरगोळ्यांचा होता. तोच वास आधीच्या आठवड्यात दुसऱ्या एका बाळाच्या कपड्यांना आला होता, हे तिला तेव्हा आठवलं.

आमच्याकडे नव्या बाळाला नवे कपडे घालत नाहीत, निदान बारशापर्यंत तरी नाही. ज्या घरची लेकरं धडधाकट निघाली त्या घरून झबली, टोपडी, दुपटी मागून आणतात. ती तिथे लोखंडी पेटीत वर्षानुवर्षं पडून असतात आणि त्यांना कसर लागू नये म्हणून पेटीत डांबरगोळ्या टाकलेल्या असतात. झबलं पेटीतून निघतं आणि तसंच बाळाच्या अंगावर चढतं. बहुतेक बाळांना त्यानं काही होत नाही. काहींच्या रक्तात मात्र एक एन्झाइम जन्मापासून कमी असतं. अशा बाळाला डांबरगोळीचा अंश लागला की त्याच्या तांबड्या पेशी फुटू लागतात, कावीळ चढत जाते आणि फार चढली तर मेंदूला इजा करते. हे पुस्तकांत होतं. आपल्या भागात हे किती बाळांच्या बाबतीत घडतं, ते कुणी मोजलेलं नव्हतं. आईला ते मोजायचं होतं.

रविवारी ती खेड्यांत जायची आणि मला घरी ठेवायला कुणी नसल्यामुळे मी स्कूटरवर मागे बसायचे. घराघरांत जाऊन ती पेट्या उघडायला लावायची. नांदगावच्या अलीकडे भाजीपाला आणि झेंडू पिकवणारं एक कुटुंब होतं. त्या घरच्या म्हातारीच्या पेटीतले कपडे निम्म्या गावाच्या लेकरांनी घातलेले होते.

"डॉक्टरीनबाई, पेटी काहून उघडाले लावता? कोनाची चोरी झाली का?"

"चोरी नाही, मावशी. वास घ्यायचाय."

"घ्या बाप्पा! आमच्या सुनेले घरातल्या लसनाचा वास सहन होत नाही, अन् यायले पेटीचा पायजे."

अंगणात जमलेल्या बाया हसल्या. सून मान खाली घालून झेंडूची फुलं निवडत होती, तीही हसली. आईनं झबलं नाकाशी धरलं, डोळे मिटले, श्वास आत घेतला आणि मान हलवली.

"मंग आता काय लेकराले नवं घालू?" म्हातारीनं विचारलं. "अन् नजर लागली त तुमी येसान का उतरवाले?"

"नवं नका घालू. जुनंच घाला. फक्त गोळ्या काढा, कपडे धुवा आणि चांगले दोन-तीन दिवस कडक उन्हात टाका. मग हे असं नाकाशी धरा. वास आला तर पुन्हा उन्हात."

"अन् ऊनच नसन त?"

"तर पेटीतलं काढू नका. ज्या लेकराच्या अंगावर रोज कपडे चढताहेत, त्याचे मागून आणा."

म्हातारीला हे पटलेलं दिसलं. ती मग माझ्याकडे वळली. "अन् हे पोरगी कोनाची? लयच चुप हाय. बिमार हाय का?"

"नाही, बिमार नाही. माझी आहे."

"तुमची वाटली म्हनूनच इचारलं."

परतताना आई स्कूटर नेहमीपेक्षा हळू चालवत होती. म्हातारीच्या बोलण्याचं तिला वाईट वाटलं असेल असं मला तेव्हा वाटलं. बडनेऱ्याच्या फाटकाशी थांबलो तेव्हा ती म्हणाली, "पेटीचं झाकण घट्ट बसतं की नाही, हे विचारायचं राहिलं."

पुढे कामाची रीत ठरली. कावीळ घेऊन परत आलेल्या प्रत्येक बाळाचे कपडे उपचाराआधी बाजूला काढायचे, त्यांचा वास घ्यायचा, वास आहे किंवा नाही एवढंच नोंदवायचं आणि रक्ताचा नमुना पाठवायचा. कपडे कुठले हे आयांना विचारून उपयोग नसे. डॉक्टरीण रागावेल म्हणून त्या "नवेच हायेत" असं सांगत. म्हणून नाकावरच भिस्त होती, आणि ते नाक आईचंच असायचं. रजेवरच्या दिवशीही एखादं पिवळं बाळ आलं तर ती जाऊन वास घेऊन यायची. दुसऱ्या डॉक्टरांना का सांगत नाहीस, असं मी एकदा विचारलं होतं. "मोजपट्टी मध्येच बदलली की आधीचं मोजलेलं वाया जातं," ती म्हणाली. सुरुवातीच्या नोंदींवर तिचा एक छोटा लेख एका वैद्यकीय नियतकालिकात आला. मोठं काम तिला निवृत्तीआधी पुरं करायचं होतं. त्यापलीकडे तिनं स्वतःसाठी काही मागितल्याचं मला आठवत नाही.

मी अकोल्याला एका वर्तमानपत्रात उपसंपादक झाले आणि तिथेच लग्न केलं. आमच्या संपादकांनी आईच्या कामावर बातमी करायला दोनदा सांगितलं. दोन्ही वेळा ती म्हणाली, "अजून झालं नाही." फोनवर आम्ही थोडं बोलत असू. ती हवा विचारायची, मी वॉर्ड विचारायचे. कोरोनाच्या दुसऱ्या लाटेत तिला संसर्ग झाला. रस्ते बंद होते. ती राजापेठेतल्या फ्लॅटमध्ये एकटी पडून होती आणि मी अकोल्यात रोज मृतांच्या बातम्या लावत होते. फोन केला की ती "बरी आहे" म्हणायची. मग खरोखर बरी झाली आणि वॉर्डात परत गेली. त्या आजाराबद्दल पुढे तिनं काही सांगितलं नाही.

मला दिवस गेले तेव्हा मी तिच्याकडे एकच गोष्ट मागितली. बाळंतपणाला माहेरी येते, सव्वा महिना तू घरी थांब. तिनं थोडा वेळ घेतला. निवृत्तीला तेव्हा वर्षभरच उरलं होतं आणि मोठं काम शेवटाला आलं होतं. मग म्हणाली, "थांबते." इतकी मोठी रजा तिनं त्याआधी कधीच घेतली नव्हती.

मुलगा झाला. ऑपरेशन करावं लागलं. मला घरी आणलं त्या दिवशी माझी खोली आवरलेली होती आणि पलंगावर बाळाचे कपडे घडी करून ठेवलेले होते. पिवळसर पडलेलं मलमल, काखेत शिवलेल्या नाड्या, एका टोपड्यावर लाल दोऱ्याचा मोर.

"झबली कुणाकडून आणलीस?"

"तुझी आहेत."

माझ्या लहानपणची एकही वस्तू त्या घरात उरली आहे असं मला वाटलं नव्हतं. ती म्हणाली, माळ्यावर होती, तिच्या जुन्या सुती साडीत बांधलेली. मी त्यातलं एक झबलं हातात घेतलं आणि मला वास आला.

"आई, याला वास येतोय."

"कसला?"

"गोळ्यांचा."

"गोळ्या होत्या कधीकाळी. आता गाठोड्यात एकही नव्हती, मी बघितलं. दोनदा धुतलेत." तिनं झबलं माझ्या हातातून घेतलं, नाकाशी धरलं, डोळे मिटले. खेड्यांतल्या अंगणांत मी तिला जसं पाहत आले होते तसंच. "नाही येत. बाळंतिणीला भलतेसलते वास येतात."

तेव्हा श्रावण होता, कितीतरी दिवस आभाळ हटलं नव्हतं. कपडे पंख्याखाली वाळवलेले होते, हे मला नंतर कळलं. त्या दिवशी तिचं नाक आणि माझं नाक यांत कुणाचं खरं मानायचं, हा प्रश्नच माझ्या मनात आला नाही. तिनं बाळाला झबलं घातलं, टोपडं बांधलं, आणि मोर मधोमध यावा म्हणून ते पुन्हा सोडून बांधलं.

ते दिवस चांगले गेले. ती सकाळी बाळाला न्हाऊ घालायची, मला शेपा-ओव्याची धुरी द्यायची. दुपारी माझ्याजवळ आडवी व्हायची, जागी असली तरी. आम्ही फार बोलत नव्हतो. एकदा तिनं विचारलं, "तुला खालचे वर्ग आवडायचे का? आवाज?" मी म्हटलं, "सोबत होती." सकाळ-संध्याकाळ ती खिडकीशी बाळाच्या कपाळावर अंगठा दाबून बघायची. चौथ्या सकाळी तिनं दोनदा दाबला, मग छातीवर दाबला, मग तळपायावर.

"चल," ती म्हणाली. "बॅग राहू दे."

वॉर्डात पोचताच तिनं अ‍ॅप्रन चढवला आणि मला बाकावर बसायला सांगितलं. तिथे आणखी आया होत्या. शेजारची माझ्या पोटावरच्या पट्ट्याकडे बघत म्हणाली, "ऑपरेशन झालं वाट्टे. कोन्या गावच्या तुमी?"

"अकोल्याची."

"बाप्पा! मंग इतल्या दूर काहून आनलं लेकरू?"

"इथं माहेर आहे."

"मंग आई नाही आली संगं?"

मी समोर बोट दाखवलं. ती बाई आईकडे बघत राहिली, मग म्हणाली, "त्या होय? रागावत असतीन घरी बी."

माझा नंबर आला. टेबलाच्या एका बाजूला आई, दुसऱ्या बाजूला त्या वर्षी आलेली निवासी डॉक्टर, हातात नोंदीचं कार्ड. आईनं बाळाचे कपडे काढले आणि नेहमीच्या क्रमानं झबलं नाकाशी धरलं.

"वास नाही," ती म्हणाली.

निवासी डॉक्टरनं पेन टेकवलं. कपडे तिच्या कोपराशी होते. तिनं माझ्याकडे पाहिलं, मग कार्डाकडे. मी टेबलापासून दोन हात लांब उभी होते आणि तिथवर वास येत होता.

"येतोय," मी म्हटलं.

"मॅडमनी बघितलंय," निवासी डॉक्टर हळू आवाजात मला म्हणाली.

आईनं झबलं टेबलावर ठेवलं. "तुला येतोय?"

निवासी डॉक्टरनं पेन कार्डावरून उचललं.

"विचारलंय मी."

"हो, मॅडम."

"थोडा?"

"बराच आहे."

"मागच्या महिन्यात मोझरीकडचं बाळ होतं. त्याच्या कपड्यांना?"

"त्यालाही होता."

"मग बोलली का नाहीस?"

"तुम्ही नाही म्हणालात, मॅडम."

आईनं सिस्टरला बोलावलं, बाळाला निळ्या दिव्याखाली ठेवायला आणि रक्त पाठवायला सांगितलं. कपडे प्लॅस्टिकच्या पिशवीत घालून गाठ मारली. मग पुढच्या बाईला बोलावलं. त्या बाळाचे कपडे तिनं उचलून निवासी डॉक्टरच्या हातात दिले. कार्डावरचा वासाचा रकाना मात्र कोरा ठेवायला सांगितला.

माझा मुलगा डोळ्यांवर पट्टी बांधून दिव्याखाली होता. काविळीचा आकडा उतरायला वेळ लागत होता. रक्त बदलावं लागेल, अशी तयारी झाली होती. आई दर थोड्या वेळानं यायची, रिपोर्ट बघायची, बाळाच्या हाताची मूठ उघडून बघायची आणि जायची. आम्हा सगळ्या आयांना ती एकाच आवाजात सांगायची. मला त्या आवाजाची ओळख तिथेच झाली. घरात तो मी कधी ऐकला नव्हता. समजावून सांगणारा, न घाईचा आवाज होता तो. समोरच्या बाईला कळलं नाही तर ती तेच पुन्हा, आणखी सोप्या शब्दांत सांगायची.

रक्त बदलावं लागलं नाही. दुसऱ्या रिपोर्टमध्ये एन्झाइम कमी निघालं.

"मुलाला ते आईकडून येतं," ती मला म्हणाली.

"म्हणजे माझ्याकडून."

"हो. आणि तुला माझ्याकडून किंवा बाबांकडून. यात कुणाचा दोष नसतो." हे शेवटचं वाक्य ती प्रत्येकीला सांगत असे.

बाळाला घरी आणल्यावर ती स्वयंपाकघरात गेली आणि मला हाक मारली. ओट्यावर हिंगाची डबी, स्पिरिटची बाटली, चिरलेला कांदा, कापूर आणि अगरबत्तीचा पुडा मांडलेला होता. ती खुर्चीवर बसली, डोळे मिटले आणि म्हणाली, "एकेक नाकाशी धर. क्रम बदलून. काय आहे ते सांगू नकोस."

मी धरत गेले. कांद्यानं तिच्या डोळ्यांत पाणी आलं, म्हणून तो तिनं ओळखला. बाकी काहीच ओळखता आलं नाही. स्पिरिटही नाही.

"कधीपासून?" मी विचारलं.

"कोरोनात गेला होता वास. मग आला असं वाटलं."

"वाटलं?"

"स्वयंपाक एकटीचा असतो. दोन घास खायचे आणि झोपायचं. चव लागत नाही हे कुणाला सांगायचं, आणि सांगणार नसलं की लक्षातही राहत नाही." तिनं हिंगाच्या डबीचं झाकण लावलं. "झबलं नाकाशी धरलं की वाटायचं, घेतला वास. नाही आला म्हणजे नाही."

दुसऱ्या दिवशी ती वॉर्डात गेली आणि आजारानंतरच्या सगळ्या नोंदी तिनं कामातून काढून टाकल्या. हे तिनं मला संध्याकाळी भाजी निवडता निवडता सांगितलं. वॉर्डात तिला कुणी काही विचारलं नव्हतं. निवासी डॉक्टर कुणाला सांगणारी नव्हती, मीही नव्हते. मी तिला म्हटलं, सगळ्या नोंदी चुकीच्या नसतील. ज्या कपड्यांना खरंच वास नव्हता त्यांच्या तरी ठेव.

"त्या कोणत्या?" ती म्हणाली.

मी हातातली भाजीची काडी खाली ठेवली.

"म्हणून सगळ्या."

उरलेल्या नोंदींवरून तिला जे सांगायचं होतं ते सांगता येण्यासारखं नव्हतं. त्या थोड्या होत्या. निवासी डॉक्टर घरी येऊन म्हणाली, "मॅडम, मी घेते वास, पुढे चालू ठेवू." आईनं तिला चहा दिला आणि सांगितलं, "माझं चालू ठेवू नकोस. तुझं वेगळं सुरू कर. आणि एकटीनं नको घेऊ. दोघी घ्या, एकमेकींना न सांगता." उरलेली रजा तिनं रद्द केली. माझ्या सव्वा महिन्यातले बाकीचे दिवस बाळंतिणीचं करणाऱ्या एका बाईनं केले. आई निवृत्तीच्या दिवसापर्यंत रोज वॉर्डात गेली. निरोप समारंभात तिच्या संशोधनाबद्दल चांगलं बोललं गेलं. मी मागच्या रांगेत मुलाला घेऊन बसले होते. ती उत्तरादाखल म्हणाली की ते काम पुरं झालेलं नाही, आणि बसली.

आता मी एका शनिवाराआड मुलाला घेऊन अमरावतीला जाते. कावीळ फार चढली तर ऐकण्यावरही परिणाम होतो, म्हणून त्याचे कान तपासून झाले आहेत. त्याला नीट ऐकू येतं, बोलणं जरा जास्तच आहे. मूर्तिजापूरपर्यंत तो बसमधल्या सगळ्यांना आजीकडे चाललो असल्याचं सांगून टाकतो. दार उघडल्यावर आई आधी हात धुते, मग त्याच्या कपाळावर अंगठा दाबते. तो आता स्वतःहून कपाळ पुढे करतो. मग ती मला स्वयंपाकघरात बोलावते आणि एकेक वस्तू माझ्यापुढे धरते. दुधाचं पातेलं, कालची भाजी, तुपाची बरणी, न वाळलेला टॉवेल. विचारत काही नाही. मी "चांगलं आहे" म्हणते किंवा "टाकून दे" म्हणते. गॅसच्या नळीशी मी स्वतःच वाकते. मधल्या दिवसांत ती काय करते, हे मी विचारलेलं नाही.

या उन्हाळ्यात मी गेले तेव्हा गच्चीवरच्या दोरीवर ती झबली-टोपडी होती. मे महिना संपत आला होता. ते कपडे सगळा उन्हाळा तिथेच होते, रात्री आत, सकाळी परत दोरीवर. कापड चिमटीत धरलं तर फाटेल असं झालं होतं. मोर लालाचा गुलाबी झाला होता.

"येतो का?" तिनं विचारलं.

मी नाकाशी धरलं. पुन्हा धरलं. "नाही."

"नक्की?"

"नक्की."

तिनं झबलं माझ्या हातातून घेतलं आणि जिना उतरायला लागली. मी मुलाचा हात धरून मागे गेले. पहिल्या मजल्यावर शिकवणीचा तास नुकताच सुटला होता आणि मुली दारात चपला शोधत होत्या. आईनं त्यांतल्या एकीला थांबवलं.

"बेटा, हे जरा नाकाशी धर. वास येतो का सांग."

"कसला, आजी?"

"ते नाही सांगणार. सांगितलं की येतो."

मुलीनं मैत्रिणीकडे बघून हसू दाबलं, झबलं नाकाशी नेलं, मान हलवली. "काहीच नाही येत."

"बरं," आई म्हणाली, आणि ते दुसऱ्या मुलीपुढे धरलं.